गोव्याचा वैद्य आणि त्याचे अनाम गुरु

जामनगरासारख्या ठिकाणीं परदेशांतील वैद्यकव्यवसायी येऊन आयुर्वेद शिकतात, ही वार्ता ऐकून आम्हां सुशिक्षितांस अभिमान वाटतो. तो गैर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या विद्यादानाच्या इतिहासाचीं जुनीं पानें उलटून पाहिलीं म्हणजे अभिमानाबरोबर थोडी खंतही वाटल्यावांचून राहत नाहीं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची कथा या दृष्टीनें मननीय आहे.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालांतील कास्तेलो द विदे या गांवीं झाला. त्याचे आईबाप स्पेनमधून आलेले यहुदी. १४९७ सालीं पोर्तुगालांत त्यांस सक्तीनें ख्रिस्ती व्हावें लागलें. सालामांका व आल्काला येथें वैद्यकाचें अध्ययन करून तो लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापक झाला, आणि १५३४ सालीं मार्तिं आफोंसु द सौझा याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानांत आला. पुढें गोवें हेंच त्याचें घर झालें. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं वैद्य म्हणून त्याची ये-जा असे, आणि मुंबईचें बेट पोर्तुगीज सरकारानें त्यास खंडानें दिलें होतें. तेथील आपल्या एका आंब्यास वर्षांतून दोनदां फळ येतें, हें त्यानें मोठ्या कौतुकानें नमूद केलें आहे.

गेलेन व इब्न सीना यांच्या ग्रंथांवर पोसलेला हा पदवीधर. आपण स्पेनमध्यें असतों तर गेलेनविरुद्ध बोलण्याचें धाडस केलें नसतें, अशी कबुली तो स्वतःच देतो. परंतु गोव्याच्या बाजारांत आणि रुग्णाच्या उशाशीं त्याला पोथीपेक्षां निराळें दिसूं लागलें. पटकीच्या रोगाचें त्यानें केलेलें वर्णन युरोपीय वैद्यकांत आरंभींचें गणलें जातें. त्या रोगाचें पोर्तुगीजांच्या तोंडीं बसलेलें नांव म्हणजे आपली मोडशीच होय. अतिसारावर मलबारी वैद्य जी वनस्पति देत तिचा गुण त्यानें मोकळ्या मनानें मान्य केला.

हें सारें त्यानें आपल्या संवादात्मक ग्रंथांत लिहिलें. हिंदुस्थानांतील वनौषधींविषयींचा हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यासच छापून निघाला. त्यांत रुआनो नांवाचा पोथीनिष्ठ विद्वान शंका काढतो व ओर्ता अनुभवाचें उत्तर देतो. रुआनो म्हणजे ओर्ताचेंच पूर्वींचें मन, असें आम्हांस वाटतें. १५६७ सालीं क्लूसियसनें त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि आपल्या औषधींचा गुण युरोपभर कळला.

मात्र ओर्ताचें शिक्षण अपुरें होतें. हिंदु वैद्यांस शरीररचनेचें ज्ञान नाहीं, ते केवळ अनुभवानें व परंपरेनें औषध देतात, असा त्यानें अभिप्राय दिला आहे. शव पाण्यांत ठेवून, कुजवून, थरामागून थर पाहावा असा स्पष्ट विधि सुश्रुतसंहितेंत आहे! पण संस्कृत ग्रंथ ओर्तास अज्ञात होते, आणि त्यास भेटलेल्या वैद्यांच्या आचरणांत तो विधि दिसला नाहीं. मग दोष एकट्या शिष्याचा कसा म्हणावा? गुरूनेंच अर्धी विद्या पोथींत बांधून ठेविली होती.

त्याचा शेवट करुण आहे. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. ओर्ता १५६८ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीस, कातारिनास, गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें. आणि १५८० सालीं त्याच आरोपावरून ओर्ताचीं हाडें उकरून जाळलीं गेलीं. ज्यानें परधर्मीयांकडून विद्या घेण्यांत कमीपणा मानिला नाहीं, त्यास स्वतःच्या श्रद्धेविषयीं जन्मभर मौन धरावें लागलें असावें!

तथापि त्याचा ग्रंथ जळला नाहीं. आज पणजीच्या उद्यानास त्याचें नांव आहे. शिष्याचें नांव राहिलें. गुरूंचीं राहिलीं नाहींत. एका संवादांत मालुपा नामक हिंदु वैद्य येतो, तेवढाच. पुढें शतकानंतर डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंड १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध केले. त्यांत इट्टि अच्युतन् हा वैद्य, तसेंच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोंकणी ब्राह्मण यांचीं साक्षपत्रें छापलेलीं आहेत. हीं नांवें आपणांस कळतात तीं परक्याच्या सौजन्यानें. आपल्या लोकांनीं त्यांची नोंद ठेविली म्हणून नव्हे.

विद्या द्यावी, मुक्तहस्तें द्यावी. परंतु काय दिलें, कोणीं दिलें आणि तें अनुभवाच्या कसास किती उतरलें, याचें टिपण आपल्या घरींही राहिलें पाहिजे. दुकानांतला वाणीसुद्धां उधारीची वही ठेवितो. आपण इतकी विद्या दिली आणि वहीच घातली नाहीं.