काहिलीची निवड : मेपलच्या पाकाची कथा

गुऱ्हाळाच्या दिवसांत आपल्याकडील शिवारांतून जो गोड, धुरकट वास दरवळतो, त्याची आठवण ज्यांच्या मनात आहे, त्यांना आजची हकीकत परकी वाटू नये. चुलाणावर काहील चढलेली आहे, गुळव्या मळी काढीत आहे आणि मुले काकवीच्या आशेने भोवती उभी आहेत, हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला उत्तर अमेरिकेतील मेपलच्या पाकाचे अर्धे रहस्य कळलेच म्हणावयाचे. उरलेले अर्धे सांगण्याचे निमित्त मला एका पत्राने दिले.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्थायिक झाला आहे. त्याच्या घरामागे मेपलची पंचवीस झाडे आहेत, आणि त्यांचा रस काढून घरच्यापुरता पाक करण्याचा छंद त्याला जडला आहे. एका जुन्या शेतघराच्या लिलावात त्याला कथील चढवलेल्या पत्र्याची जुनी काहील अल्प किमतीत मिळत होती. ती घ्यावी, की पोलादाची नवी घ्यावी, असे त्याने विचारले होते. इतिहासाच्या मास्तराला विचारावयाचा हा प्रश्न नव्हे, असे मला प्रथम वाटले. परंतु शोध घेऊ लागलो, तेव्हा ध्यानात आले की या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे.

मुळात अडचण आहे ती पाण्याची. उसाच्या रसात शेकडा पंधरा ते वीस भाग साखर असते. मेपलच्या रसात ती जेमतेम दोन भाग. व्हरमाँटमधील संशोधक सी. एच. जोन्स यांनी १९४६ मध्ये एक सुटसुटीत नियम प्रसिद्ध केला. रसातील साखरेच्या शेकडा प्रमाणाने ८६ या संख्येला भागावे. जो भागाकार येईल, तितकी मापे रस एक माप पाकासाठी लागतो. दोन टक्के साखर असल्यास त्रेचाळीस मापे रस हवा. म्हणजे बेचाळीस मापे पाणी वाफ करून उडवावयाचे! आणि सवड तरी किती? रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा बर्फ वितळवणारी ऊब, असे हवामान असेपर्यंतच रस वाहतो. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचे काही आठवडे, एवढाच तो हंगाम. काढलेला रस दुधासारखा नासतो. तेव्हा जे भांडे पाणी लवकर उडवील तेच खरे. मेपलच्या पाकाचा सारा इतिहास म्हणजे अशा भांड्याचा शोध होय.

हा शोध प्रथम तेथील मूळ रहिवाशांनी आरंभिला. अबेनाकी, अनिशिनाबे आदी लोक बर्च झाडाच्या सालीच्या भांड्यांत रस साठवीत. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काढून टाकला की खाली उरलेला रस अधिक गोड होतो, ही युक्ती त्यांना ठाऊक होती. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांकडून लोखंडाचे व तांब्याचे हंडे आले. लाफितो या येशूसंघीय धर्मगुरूने १७२४ च्या आपल्या ग्रंथात, फ्रेंच लोक ही विद्या तेथील स्त्रियांकडूनच शिकले, असे नमूद केले आहे.

१७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी टॉमस जेफर्सन यांना या झाडाविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. रस आटवण्याच्या तीन रीती त्यांनी सांगितल्या : गोठवणे, हवेवर आपोआप सुकू देणे आणि उकळणे, पैकी उकळणे त्यांनी श्रेष्ठ ठरवले. त्यांच्या मनात मात्र केवळ गोडी नव्हती. त्या काळी वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या रक्ताघामातून येत असे. मेपलच्या साखरेने तिची जागा घ्यावी व गुलामगिरीचा पाया खचावा, ही त्यांची आकांक्षा होती. जेफर्सन यांनीही त्याच वर्षी आपल्या मळ्यात मेपलची रोपे लावली. आणि तोच मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता, हेही विसरता येत नाही. रश यांची आशा सफल झाली नाही. तो पाया खचण्यास पुढे कायदे व युद्ध यांची गरज लागली.

हंड्याचे दोष मोठे होते. तो पोटाने गोल, त्यामुळे आच लागे तळाला आणि वाफ निघे अरुंद तोंडातून. आटेल तसा त्यात नवा रस ओतीत. सकाळचा रस संध्याकाळपर्यंत रटरटत राही आणि पाक काळपट, करपट होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकांनी हंडा सोडून चौकोनी, पसरट, उथळ काहील घेतली. १८५८ मध्ये ओहायोतील डी. एम. कुक यांनी आडव्या पट्ट्या घातलेल्या काहिलीचे पेटंट घेतले. एका टोकाला रस शिरतो, नागमोडी वाटेने आटत जातो आणि दुसऱ्या टोकाला दाट होऊन बाहेर पडतो. जुना व नवा रस एकत्र मिसळत नाही. १८७२ मध्ये दोन काहिली व लोखंडी चुलाण अशी जोडी आली. पुढे १९०० च्या सुमारास तळाच्या पत्र्यालाच खोल घड्या घातल्या गेल्या, जेणेकरून ज्वाळा त्या घड्यांमधून खेळाव्या आणि तापणारे क्षेत्र कित्येक पटींनी वाढावे. याच काळात उसाची साखर स्वस्त झाली होती. मेपलची साखर मागे पडली, पण नव्या काहिलीतून निघणारा सोनेरी पाक लोकांच्या जिभेवर टिकून राहिला.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न. एका झाडापासून हंगामात सुमारे चाळीस लिटर रस धरला, तर पंचवीस झाडांचा हजार लिटर होतो; पाक निघेल पंचवीस लिटरांच्या आतबाहेर. साध्या सपाट काहिलीतून दर चौरस फुटामागे तासाला अदमासे पावणेचार लिटर पाणी उडते. दोन फूट रुंद व चार फूट लांब काहील घेतली, तर तासाला तीस लिटर; म्हणजे चार-पाच सुट्ट्यांत काम उरकेल. घड्यांची काहील याहून वेगवान खरी, पण घड्या सदैव बुडालेल्या राहाव्यात म्हणून तिला रसही पुष्कळ लागतो. ती शेकडो झाडांच्या धन्याला शोभते. सपाट काहिलीत मात्र दोन-तीन पट्ट्या असाव्यात, तोटी असावी आणि रस एक ते दोन इंच खोल ठेवावा. तळ उघडा पडला तर काही क्षणांत काहील जळते. पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सुमारे चार अंश सेल्सिअस वर पारा चढला, की पाक झाला.

राहिली लिलावातली ती जुनी काहील. तिचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असत. कित्येकदा पत्र्याच्या मुलाम्यातही शिसे असे. हजार लिटर रस अशा भांड्यात तासन् तास उकळावयाचा, आणि पाणी उडून गेले तरी उतरलेले शिसे पाकातच राहावयाचे! ते चवीला कळत नाही, रंगाने दिसत नाही. पण मुलांच्या मेंदूला त्याची अल्पशी मात्राही निर्धोक मानलेली नाही. त्याच्या घरी दोन लहान मुले आहेत. मी कळवले : डाखाऐवजी वितळजोड केलेली, गंज न धरणारी पोलादी काहीलच घे. तळाला बसणारी क्षारांची खर काढताना तिला व्हिनेगरचाही त्रास होत नाही.

त्याने तसेच केले. जुनी काहीलही त्याने घेतली, पण ती पडवीच्या भिंतीवर टांगली. हंगाम संपल्यावर त्याने पाठवलेली लहानशी बाटली आमच्या घरी आली. भाकरीशी तो पाक खाताना आईने एकच शब्द उच्चारला : "काकवी!"

श्रोतेहो, पूर्वजांची भांडी भिंतीवर शोभतात. चुलीवर ठेवावी ती त्यांची अक्कल. उथळ काहील, पसरट आच आणि वाहता रस, ही ती अक्कल होय.