कार्टून संपल्यावर

बडनेऱ्याहून सुटलेल्या पॅसेंजरमधून तुम्ही अकोल्याच्या फलाटावर उतरता. संध्याकाळचे सात वाजून गेलेत, तरी डब्याच्या दांड्याचा हाताला चटका बसतो. १९९९ सालचा मे महिना आहे. खिशातला फोन खिशातच राहू द्या. इथे कुणी पाहिला तर कॅल्क्युलेटर समजेल आणि पोरं हिशेब तपासायला मागतील.

जठारपेठेतल्या त्या घराचं दार उघडंच आहे. "पाहुणे आले व माय," आतून कुणीतरी ओरडतं. तुम्ही कोण, कुठले, कुणाकडून आलात हे विचारायच्या आधी पाण्याचा गडवा हातात येतो. काटेपूर्णा धरणात पाणी किती उरलंय यावर गल्लीत रोज चर्चा झडते, पण गडवा काठोकाठ भरलेला. तुम्ही अमरावतीचे आहात असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. ठरवू द्या. पुढच्या शतकातून आलोय हे समजावण्यापेक्षा ते सोपं आहे.

खिडकीत कूलर घरघरतोय. ओल्या वाळ्याच्या ताटीचा वास सगळ्या बैठकीत भरलाय, त्यात आमरसाचा वास मिसळलाय. समोर टीव्ही. चार पायांचं, सरकत्या दारांचं लाकडी खोकं, वर क्रोशाचा रुमाल, बाजूला लाल दिव्याचा स्टॅबिलायझर. ब्लॅक अँड व्हाइट. चार पोट्टे फरशीवर पालथे पडून टॉम अँड जेरी बघतायत. टॉम करडा, जेरीही करडाच. जेरी तपकिरी असतो हे यांना ठाऊक नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

या घरात पुढचे दोन-अडीच तास जे घडणार आहे त्याचं श्रेय या पोट्ट्यांचं. केबलवाल्याकडे चॅनेलं पुष्कळ, पण असल्या जुन्या संचाची कळ खटखट फिरवली की मोजकीच लागतात. कळीवरच्या त्या मोजक्या घरांत कुणाला बसवायचं यावर गल्लीत मोठं राजकारण चालतं. दूरदर्शन कायद्यानेच दाखवावं लागतं. मग हिंदी मालिका, मग क्रिकेट. आणि एक घर, केबलचं बिल घ्यायला माणूस आला की त्याच्यापुढे भोकाड पसरून, पोरांनी जिंकलेलं. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला सुरू झालं, पण ते अर्धवेळ. रात्री त्याच जागेवर टीएनटी नावाचं दुसरंच बिऱ्हाड राहायला येतं, आणि त्याच्याकडे एमजीएम अन् वॉर्नरच्या जुन्या सिनेमांचं गोदाम आहे. गल्लीत इनग्रिड बर्गमनसाठी कुणी अर्ज केला नव्हता. हम्फ्री बोगार्टसाठी तर नाहीच. ही मंडळी उंदीर-मांजराच्या तिकिटावर अकोल्यात आली.

जेवणं उरकतात. पडद्यावर सिंह डरकाळी फोडतो. टॉम अँड जेरीही एमजीएमचंच, तेव्हा सिंह ओळखीचा. पोरांना वाटतं अजून एक भाग लागला. पाच मिनिटं वाट पाहून ती जागच्या जागी झोपतात. उठून चॅनेल बदलायचा मोठ्यांना कंटाळा, म्हणून सिनेमा चालू राहतो.

"आमच्याकडं कलर हाये," माहेरी आलेली आत्या तुम्हाला सांगते. तिचं सासर अमरावतीला, रुक्मिणी नगरात. "पयल्यांदा असा सिनेमा लागला तं यायनं कलरचं बटन फिरवू फिरवू ढिलं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्यानं वीस रुपये घेतले अन् सांगतलं, टीव्ही चांगला हाये, सिनेमाच तसा हाये."

याच गोष्टीवरून तिकडे अमेरिकेत केवढं रण माजलं होतं! टीएनटी सुरू करणारा टेड टर्नर. त्याने १९८६ मध्ये एमजीएमचा संग्रह ताब्यात घेतला आणि जुन्या सिनेमांना संगणकाने रंग फासायला घेतले. १९८८ मध्ये 'कासाब्लांका'ही रंगवला. दिग्दर्शक खवळले. जठारपेठेत हा वाद कधीच निकालात निघालाय. टर्नरने ओतलेला सगळा रंग या खोक्यात शिरला की करडा होतो.

आज लागलाय 'द गुड अर्थ', १९३७ चा. चीनमधला एक गरीब शेतकरी, मोठ्या वाड्यातली मोलकरीण बायको म्हणून घरी नेतो. पर्ल बक यांची कादंबरी, चीन मात्र कॅलिफोर्नियात उभा केलेला. शेतकरी झालेला पॉल मुनी आणि त्याची बायको ओ-लान झालेली लुईस रेनर, दोघेही गोरे. चिनी वंशाची अ‍ॅना मे वाँग हॉलिवूडमध्ये नावाजलेली असून तिला ही भूमिका मिळाली नाही, हे मला आजही खटकतं. खाली भाषांतराची अक्षरं नाहीत. पण इंग्रजी कळत नाही ही अडचण कूलरने आधीच मिटवलीय; त्याच्या घरघरीत कुणालाच काही ऐकू येत नाही.

तेव्हा तुम्हीही ऐकू नका, नुसतं बघा. लग्नाच्या दिवशी तो फळ खाऊन कोय फेकतो. ती मागून येते, वाकून कोय उचलते.

"लावणार हाये ते," आजी म्हणते. परसातल्या राखेत रसाच्या कोया पुरून ती नुकतीच हात धुऊन आलीय. थोड्या वेळाने ओ-लान खरंच कोय पुरते, आणि आजी तुमच्याकडे असं बघते, जणू पैज जिंकली.

मग दुष्काळ. जमीन भेगाळते, घरचा बैल कापायची वेळ येते. आजी पदर डोळ्यांवर घेते आणि बोटांच्या फटीतून बघत राहते. जमीन विकत घ्यायला माणसं दारात येतात.

"वावर नको इकू रे बाप्पा."

आजोबा काही बोलत नाहीत. त्यांचं वावर मूर्तिजापूरकडे, शकुंतला गाडीच्या रुळांजवळ. पराटीचं. सोसायटीचं कर्ज आहे. तळहातावरची तंबाखू मळून झालीय, तरी अंगठा फिरतोच आहे.

"हा तं मदर इंडिया हाये," आजी मधेच जाहीर करते. 'मदर इंडिया' १९५७ चा, हा त्याच्या वीस वर्षं आधीचा. कोण आधी आणि कोण नंतर, याच्याशी आजीला काय करायचंय! तिच्या लेखी ही बाई नर्गिसच्या नात्यातली. त्या कामासाठी रेनरला ऑस्कर मिळालं, लागोपाठ दुसरं. ती आत्ता, या मे महिन्यात, ८९ वर्षांची आहे आणि १०४ वर्षांची होऊन जाणार आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे. आजीला सांगावंसं वाटेल. नका सांगू.

साडेअकराच्या सुमाराला टोळधाड येते. आधी क्षितिजावर काळी रेघ, मग आभाळच काळं. वरून व्होल्टेज पडलेलं, चित्र चारी बाजूंनी आक्रसलेलं. टोळ पडद्यावर आहेत की काचेवर, कळत नाही. आत्या पाय वर घेऊन बसते. शेतकऱ्याचा शिकलेला मोठा मुलगा धाड अडवायची युक्ती सांगतो, सगळं गाव कामाला लागतं.

"हा पोट्टा पीकेव्हीतला दिसते," काका म्हणतात. पंजाबराव कृषी विद्यापीठ इथलंच, त्यामुळे सगळे हसतात. आजोबा हसत नाहीत. ते खुर्चीच्या कडेला आलेत. २०२० च्या मे महिन्यात खरी टोळधाड मोर्शी-वरुडकडे उतरणार आहे, हेही तुम्ही पोटातच ठेवता.

आणि लाइन जाते.

पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहतो, तोही विझतो. कूलर थांबतो आणि पहिल्यांदाच घरातले आवाज ऐकू येतात. पोरं तशीच उचलून वर नेली जातात. स्लॅबवर गाद्या पडल्यात, पाणी मारूनही खालून ऊब येतेय.

बऱ्याच वेळाने आजोबा अंधारात विचारतात, "पाहुणे, तुमी पाह्यला असन हा सिनेमा. वाचलं का पीक?"

"वारा फिरला," तुम्ही सांगता. "टोळ निघून गेले."

"फिरते कधी कधी," ते म्हणतात आणि कूस बदलतात.

पलीकडच्या गादीवरून आजी विचारते, "अन् त्या बाईचं काय झालं?"

पीक वाचल्यावरही सिनेमा थोडा उरतो. तुम्हाला तो माहीत आहे.

"झाड मोठं झालं तिचं," तुम्ही म्हणता. "कोयीचं."

"ते तं होईनच," आजी म्हणते. "म्या बाईचं विचारलं."

तुम्ही झोप लागल्यासारखं करता. दीडच्या सुमाराला लाइन येते. टीव्हीचं बटन कुणी बंद केलेलं नसतं, आणि खाली रिकाम्या बैठकीत कुणीतरी कुणाला तरी इंग्रजीत मोठमोठ्याने झापायला लागतं. आजोबा उठतात. "बिल काय यायचा बाप भरन?" असं पुटपुटत ते जिना उतरतात.