इंजिनातले पाणी : उकळणारे आणि फिरणारे

मोटार दुरुस्त होऊन येते आणि चारच दिवसांत घाट चढताना इंजिन तापते. मालक म्हणतो, मिस्त्रीने काम बिघडवले. मिस्त्री म्हणतो, इंजिन आधीच गेलेले होते. खरे कोण? याचा विचार करण्यापूर्वी इंजिन थंड ठेवण्याच्या युक्त्या कशा बदलत गेल्या ते पाहणे उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ चे. इंजिन जेमतेम पाऊण अश्वशक्तीचे. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळायचे आणि वाफ हवेत निघून जायची. आज ज्याला आपण बिघाड म्हणतो, ती त्या गाडीची नेहमीची रीत होती! भौतिकीच्या दृष्टीने युक्ती वाईट नव्हती. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. तेच पाणी नुसते १० अंशांनी तापले तर फक्त १० कॅलरी. पण गेलेली वाफ परत येत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटरवरील फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. (तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. तेव्हा गॅरेज नव्हते, त्यामुळे वादही नव्हता.)

तेच पाणी पुन्हा वापरायचे तर ते हवेने निववले पाहिजे, आणि त्यासाठी भरपूर पृष्ठफळ हवे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. नळ्यांतून हवा जाई, नळ्यांमधल्या फटींतून पाणी. एवढ्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरू लागले. मात्र पाणी थोडे झाले, तशी चुकीलाही जागा थोडी उरली.

फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, निवलेले खाली उतरते, एवढ्यावर काम भागवले. पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण वर्गात दाखवतो तेच हे अभिसरण. पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की चक्र तुटते. रेडिएटरमध्ये पाणी दिसत असते आणि इंजिन उकळत असते.

आजच्या गाडीत पंप आहे, थर्मोस्टॅट आहे, दाब धरून ठेवणारे झाकण आहे. आत वातावरणाइतका जादा दाब असला तर साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून बेंझच्या गाडीसारखी वाफ आता लवकर दिसत नाही; विसंबायचे ते काट्यावर. दुरुस्तीनंतर कूलंट भरताना हवा पुरती काढली नाही, तर तिचा फुगा उंच जागी अडकतो. पंप पाणी ढकलू शकतो, हवेचा फुगा ढकलणे त्याला जमत नाही. थर्मोस्टॅटला गरम पाणी न लागल्याने तो उशिरा उघडतो आणि तापमापकाचे टोक कोरडे राहिले तर काटा चक्क कमी तापमान दाखवतो. हा दोष निखालस मिस्त्रीचा.

'उष्ण देशात हा कशाला?' म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची आपल्याकडची चालही आम्हांला पटत नाही. काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट आडवाट बंद करतो. तो काढला की बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनात परत जाते.

हेड गॅसकेटचे प्रकरण मात्र अवघड. थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर जळलेला वायू पाण्यात शिरत असल्याचा दाट संशय येतो. पण गाडी गॅरेजात गेली तीच मुळी तापल्यामुळे. त्या तापण्यानेच सिलिंडर हेड वाकले असेल, तर नवे गॅसकेट कितीही नीट बसवले तरी टिकणार नाही. हेड उघडले त्या दिवशी त्यावर सरळ पट्टी ठेवून वाक मोजलेला असेल, तर उत्तर मिळते. मोजला नसेल आणि गाडी पुन्हा तापली, तर वाक आधीचा की नंतरचा, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही आणि मालकालाही.