कारणाचा रकाना

दिवाळी अंकात गांजाची आणि खर्ऱ्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय शोभत नाही, हे मलाही कबूल आहे. पण सणाच्या सुटीत घरोघर पंधरा-सोळा वर्षांची मुले जमतात, मामा-काकांच्या मागोमाग पानठेल्यापर्यंत जातात, आणि तिथे जे ऐकतात ते त्यांना शाळेत ऐकलेल्यापेक्षा अधिक खरे वाटते. असे का व्हावे, याचा शोध घेता घेता मी एकशेतीस वर्षे मागे जाऊन पोचलो.

निमित्त झाले एका प्रश्नाचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत कोणीतरी देऊन गेलेला एक तक्ता भिंतीवर होता. गांजा ओढणारा वेडा होतो, असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. नववीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, माह्या आबानं तं चाळीस वर्सं गांजा ओढला. तो कुठी येडा झाला जी?" वर्ग हसला. मुलगा मात्र हसत नव्हता. त्याने आपल्या परीने पुरावा मांडला होता, आणि पुराव्याला उत्तर पुराव्यानेच द्यावे लागते.

हाच प्रश्न १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात निघाला होता. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरून गेली आहेत, असा तिकडे मोठा बोभाटा होता. सरकारने चौकशीसाठी एक कमिशन नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. ते धरून सात सभासद, त्यांत तीन हिंदी. या मंडळींनी देशभर हिंडून १,१९३ साक्षी गोळा केल्या आणि १८९४ साली आपला अहवाल दिला. त्यात वऱ्हाडच्याही साक्षी आहेत. त्या काळी आमचा जिल्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या बेताचे. तरी शब्दकोश मांडीवर घेऊन मी त्या अहवालातले वेड्यांचे प्रकरण वाचले, आणि एखाद्या रहस्यकथेने गुंगवावे तसा त्यात गुंगून गेलो.

मौज अशी होती. वेडा माणूस सापडला की त्याला इस्पितळात पाठवताना एक कागद भरावा लागे. नाव, गाव, जात, वय, आणि एक रकाना 'वेडाचे कारण' असा. बिचाऱ्या पोलिसाला कारण कुठून ठाऊक असणार? पण रकाना रिकामा ठेवलेला साहेबाला खपत नसे. मग चौकशीत कोणी म्हणाले की हा कधीमधी गांजा ओढत असे, की झाले! रकान्यात 'गांजा' पडला. इस्पितळाच्या वहीत तेच उतरले, वहीतून वार्षिक तक्त्यात गेले, आणि तक्त्यातून थेट विलायतेला. एका शिपायाची अडचण अशी मोठ्या सरकारचे ज्ञान होऊन बसली.

कमिशनने १८९२ साली दाखल झालेले एकूण एक वेडे तपासायचे ठरवले. ते होते १,३४४. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले. प्रत्येकाच्या मागे जाऊन पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्या २२२ पैकी ९८ जणांबद्दलच ते कारण मानण्याजोगे ठरले. आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरे एखादे कारण जोडीला होते. उरलेल्यांचा रकाना उगाच भरलेला.

हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा आबाचा नातू खुशीत आला. त्याला वाटले, आपण जिंकलो. मी म्हटले, थांब. २२२ खोटे ठरले, पण ९८ शून्य नव्हेत. शिवाय कमिशनपुढची माणसे बहुतेक वयाने वाढलेली. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत काय होते, हे पाहायची साधने तेव्हा नव्हती. आज ती आहेत. माणसाचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि त्याचा कपाळामागचा भाग, जो 'थांब, विचार कर' असे सांगतो, तो सर्वांत शेवटी पक्का होतो. त्या वयात नियमाने गांजा ओढणाऱ्याला पुढे भ्रम-भास होणारा मानसिक आजार जडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो; घराण्यात असा आजार असेल तर आणखी जास्त. स्मरण आणि लक्षही मंदावते. आबाला काही झाले नाही हे खरे असेल. नातवाला होणार नाही, हे त्यावरून ठरत नाही.

मुलगा खाली बसला. पटले की नाही, कोण जाणे. पण नंतर तासभर कोणी खिडकीबाहेर पाहिले नाही.

भीती घालून शिकवण्याची हौस आपल्यालाच आहे असे नाही. अमेरिकेत मेरी हंट नावाच्या एका बाईंनी १८८० नंतर चंगच बांधला की, प्रत्येक शाळेत दारूचे दुष्परिणाम शास्त्र म्हणून शिकवले पाहिजेत. व्हरमाँट संस्थानाने १८८२ साली कायदा केला, मग इतरांनी. हेतू उत्तम. पण बाईंची पसंती मिळावी म्हणून लेखक पुस्तकांत वाटेल ते लिहू लागले. अखेर पन्नास विद्वानांच्या एका समितीने ती पुस्तके तपासली आणि १९०३ साली त्यांतल्या चुका जगापुढे मांडल्या. बाई फार चिडल्या, असे म्हणतात. आमच्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांना असल्या पुस्तकांची गरज पडली नाही. ते कीर्तनात उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारीत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत.

तीच युक्ती मी खर्ऱ्यावर करून पाहिली. आमच्याकडे गांजापेक्षा कितीतरी जास्त घरे खर्ऱ्याने धरली आहेत. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटायचे आणि गालात धरायचे. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. खर्रा ठेल्यावर हाताने घोटला जातो, त्याला कारखाना लागत नाही. मुलांची समजूत अशी की वाईट ती तंबाखू, सुपारी बिचारी निरुपद्रवी. म्हणून धाकटी भावंडे गोड सुपारीच्या पुड्या खुशाल फोडतात. वास्तविक १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडाचा एक विचित्र आजार नोंदला गेला, आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडच्या रोग्यांवरून त्याचे वर्णन केले. गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो, तिखट सोसवत नाही, आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. पुढे कळले की याचे मूळ सुपारीतच आहे. तंबाखू नसली तरी सुपारीने कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला.

हे सांगून मी मुलांना म्हटले, आपापली तीन बोटे एकावर एक अशी उभी तोंडात घालून पाहा. निरोगी तोंडात ती साधारणपणे जातात. वर्गात एकच खसखस पिकली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र बोटे काढून पुन्हा घालून पाहत होता. दोनच जात होती.

तास संपल्यावर तो दाराशी थांबला. "गुरुजी, आता सोडलं तं तिसरं बोट जाईन का जी?"

जाईल, असे म्हणून टाकावे असे फार वाटले. मी सांगितले की, ताठरलेला गाल पहिल्यासारखा होईलच असे नाही. पण आज सोडलेस तर रोग वाढण्याचे पुष्कळसे थांबते, आणि डॉक्टर तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषध देतात. कर्करोगाचे भय राहते, म्हणून तपासत राहावे लागेल. त्याने सगळे ऐकून घेतले. यवतमाळला दाताच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर खर्रा घोटत बसले होते. मुलाने त्यांना शास्त्र वगैरे काही सांगितले नाही. "बाबा, तीन बोटं घाला बरं तोंडात," एवढेच म्हणाला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, पन्नी बाजूला ठेवली, आणि हात धोतराला पुसला.