खड्डा की उंचवटा?

चकचकीत चिनी मातीचा कप डेप्थ कॅमेऱ्यासमोर ठेवून बघा. पडद्यावर त्याला काळी भगदाडं पडलेली दिसतील. अंतर मोजायला कॅमेऱ्याने टाकलेला अवरक्त प्रकाश गुळगुळीत पृष्ठभागावरून भलतीकडेच निघून जातो, कॅमेऱ्याकडे परत येतच नाही. माझे पीएचडीचे पहिले काही महिने अशी भगदाडं बघण्यातच गेले.

यावरच्या एका उपायाचं मूळ मात्र चकाकीतच आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस हा लष्करी अभियंता घरात बसून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे बघत होता. काचांवर मावळतीचं ऊन चमकत होतं. त्याच्या हातात कॅल्साइटचा स्फटिक होता, ज्यातून प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसते. स्फटिक फिरवला तशी एक प्रतिमा मंद होत गेली आणि दुसरी उजळत गेली. साध्या उन्हात असं होत नाही. म्हणजे काचेवर आपटून आलेल्या प्रकाशात काहीतरी बदललं होतं! यालाच पुढे त्याने ध्रुवीकरण म्हटलं (राजकारणातलं नव्हे). तुमच्याकडे पोलरॉइड गॉगल असेल तर तो लावून ओल्या रस्त्याकडे बघा आणि मान तिरकी करा, हाच खेळ दिसेल.

पुढे ब्रूस्टरने १८१५ मध्ये दाखवलं की एका ठरावीक कोनात, काचेसाठी साधारण ५६ अंशांना, परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो. बाकीच्या कोनांचं गणित फ्रेनेलने मांडलं.

आता हे उलटं वाचा. कोनावरून ध्रुवीकरण कळतं, तर ध्रुवीकरण मोजून पृष्ठभागाचा उतार कळायला हवा ना? चकचकीत वस्तूंचा आकार असा ओळखण्यावर कोशिकावा यांचा शोधनिबंध आला तो थेट १९७९ साली.

पण इथे एक गोची आहे. कॅमेऱ्यापुढचा पोलरायझर अर्धा फेरा फिरवला की उजेड पुन्हा होता तसाच होतो. त्यामुळे उताराची रेषा कळते, पण तो उतार इकडे आहे की तिकडे, हे कळत नाही. एकच आकडेवारी खड्ड्याचीही असू शकते आणि उंचवट्याचीही. शिवाय उतार म्हणजे काही अंतर नव्हे.

२०१५ मध्ये एमआयटीत अच्युत कदंबी, रमेश रासकर आणि सहकाऱ्यांनी दोन अर्धवट माहित्या एकत्र आणल्या. (रासकर मूळचे नाशिकचे, शिकले पुण्याच्या सीओईपीत.) किनेक्टने अंतराचा ओबडधोबड नकाशा दिला. साध्या कॅमेऱ्याने पोलरायझर फिरवत काढलेल्या तीन फोटोंनी बारीक उतार दिले. खड्डा की उंचवटा, हा निवाडा ओबडधोबड नकाशाने केला आणि बारकावे ध्रुवीकरणाने भरले. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की एकट्या कुठल्याच साधनाला हे जमलं नसतं.

कपाचं काम आता बरंचसं जमतंय. स्टीलची वाटी मात्र अजून छळते, कारण धातूवरून परतणारा प्रकाश फारच थोडा ध्रुवित होतो. सध्या टेबलावर तीच आहे.