शाळेचे कपाट आणि पालकांची काळजी

पोराच्या दप्तरात शाळेच्या वाचनालयातले पुस्तक निघते. आईबाप ते सहज चाळतात आणि एखाद्या पानाशी थबकतात. हे आपल्या पोराच्या वयाला शोभणारं आहे का? ही काळजी आजची नाही आणि आपल्याच गावची नाही. अमेरिकेत तर ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तीच हकिकत आज सांगतो.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तेथील आयलंड ट्रीज भागातल्या शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेले शिक्षण मंडळ पाहत असे. सप्टेंबर १९७५ मध्ये मंडळाचे तिघे सभासद पालकांच्या एका परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह ठरवलेल्या पुस्तकांच्या याद्या घेऊन परतले. नोव्हेंबरातल्या एका रात्री दोघांनी हायस्कूलच्या वाचनालयात जाऊन सूची तपासली. नऊ पुस्तके तेथेच निघाली, पुढे आणखी दोन सापडली. काहींत शिवराळ भाषा होती, स्त्रीपुरुषसंबंधांची उघड वर्णने होती, हे खरेच. पण त्यांतच रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकाने सांगितलेली स्वतःच्या बालपणाची कहाणी होती आणि कर्ट व्हॉनेगटची युद्धावरची कादंबरीही होती.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मंडळाने ही पुस्तके उचलायला लावली. गवगवा झाला, तेव्हा चार पालक आणि शाळेतले चौघे अशी समिती नेमली. समितीने सल्ला दिला. पण मंडळाने तो बहुतांशी बाजूला सारला आणि नऊ पुस्तके बाहेरच ठेवली. मग जानेवारी १९७७ मध्ये स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी कोर्टात गेले.

२५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. पाच न्यायमूर्ती विद्यार्थ्यांच्या बाजूने, चार विरुद्ध. त्या पाचांचेही सगळ्या मुद्द्यांवर एकमत नव्हते. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या मुख्य मताचा आशय असा: पुस्तक सर्वस्वी ग्राम्य असेल किंवा शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य असेल, तर ते काढता येईल; त्यातला विचार आपल्याला रुचत नाही, एवढ्यासाठी मात्र नाही. ऑगस्टमध्ये मंडळाने पुस्तके कपाटात परत ठेवली.

मला या हकिकतीत मोलाची वाटते ती आठ माणसांची समिती. तिने सगळी पुस्तके एकाच काठीने हाकली नाहीत. पाच ठेवा म्हटले, दोन काढा म्हटले, एक पालकांच्या संमतीने द्या म्हटले. दोनांवर एकमत झाले नाही आणि एकाविषयी मतच दिले नाही.

आपल्या शाळेतही हे जमण्याजोगं आहे. शंका आली तर पालकांनी गुरुजींना भेटावे. गुरुजींनी तो आपला अपमान समजू नये. दोघांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे आणि मगच ठरवावे, कोणत्या इयत्तेच्या हाती ते द्यायचे. कपाटाला कुलूप घालायला क्षणही लागत नाही. वाचायला दोन संध्याकाळी लागतात. पोरांसाठी तेवढ्या दोन संध्याकाळी आपण काढायला हव्यात.