कोळसा, कापूस आणि दोन पेन्स

चांदा म्हटले की डोळ्यांपुढे सागवान, ताडोबा आणि गोंडराजांचा परकोट उभा राहतो. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण या रानाच्या पोटातल्या कोळशाचा एक धनी दिल्लीत किती उंच चढला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

सर माणेकजी दादाभॉय यांचा जन्म १८६५ सालचा, मुंबईच्या पारशी घरातला. विलायतेत बॅरिस्टर होऊन त्यांनी नागपूर गाठले आणि सरकारी वकिली केली. पण वकिलीच्या झग्यात मावणारा हा गृहस्थ नव्हे! नागपूरची वीज कंपनी आणि मॉडेल मिल, बडनेऱ्याची कापडगिरणी, बल्लारपूर-घुग्गुसच्या कोळसाखाणी आणि वर्धा नदीपलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातली सास्तीची खाण, असा त्यांचा पसारा. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते बसले, १९३१ च्या गोलमेज परिषदेला गेले आणि १९३३ पासून १९४६ पर्यंत कौन्सिल ऑफ स्टेटचे अध्यक्ष राहिले.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती चलन आयोगावर. १९२५ साली नेमलेल्या या आयोगापुढे तरुण डॉ. आंबेडकरांनीही साक्ष दिली होती. प्रश्न होता, रुपयाचा भाव १६ पेन्स की १८? वाचकहो, फरक दोनच पेन्सांचा; पण विलायतेत १८ पेन्सांना विकलेल्या कापसाचे पहिल्या दराने १ रुपया २ आणे होतात, दुसऱ्याने नुसता रुपया. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे ते दोन आणे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास एकटे १६ पेन्सांसाठी अडून बसले. माणेकजींनी, कापसाच्याच मुलखात राहूनही, १८ च्या बाजूने सही केली. १९२७ साली तोच कायदा झाला. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली, हेही विसरून चालणार नाही.

१९५३ साली माणेकजी वारले आणि १९७३ साली कोळसाखाणी सरकारी मालकीच्या झाल्या. लक्ष्मीपूजनाला चोपडी उघडताना त्यांचेही खाते मांडावे. जमेला खाणी, गिरण्या, वीज अवश्य लिहावी. मात्र नावेच्या बाजूला शेतकऱ्याचे ते दोन आणेही लिहावेत. त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.